टेचेरा, जिथे असाल तिथे

सहाशे चौदा माणसं. नऊ वर्षांत आमच्या विभागानं सहाशे चौदा माणसांच्या हृदयात नळ्या घातल्या, आणि त्यांतलं एकही माणूस मी हरवू दिलेलं नाही. हे मी लग्नात सांगते, बारशात सांगते, बसच्या रांगेत अनोळखी माणसालासुद्धा सांगते. माझी बहीण इर्मा म्हणते, "सुल्मा, पुरे आता तुझी टिमकी." का पुरे? माझी टिमकी मी नाही वाजवायची तर काय शेजारणीनं येऊन वाजवायची?

मी सुल्मा बेंटान्कोर. मोंटेव्हिडिओत एकतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची नऊ फोनवर. हसू नका. फोन करणं हे काम वाटत नाही लोकांना. आमच्याकडे येतात ती हृदयाचा ताल बिघडलेली माणसं. ठोका कधी सुसाट धावतो, कधी अडखळतो, कधी पोत्यात घातलेल्या मांजरासारखा उड्या मारतो. डॉक्टर गुरीदी मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात, आणि तो खोडसाळ करंट जिथून सुटतो तिथे आतून डाग देतात. दोन-तीन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी माणूस घरी जातो, डॉक्टरांचं काम संपतं आणि माझं सुरू होतं.

पहिला महिना दर आठवड्याला फोन. मग तिसऱ्या महिन्यात, सहाव्यात, वर्षानं. शंभरातली पंचाहत्तर माणसं वर्षानंतरही तालात असतात. उरलेल्यांतल्या काहींना पुन्हा एकदा टेबलावर घ्यावं लागतं, आणि काहींना एवढं करूनही गोळ्यांवरच दिवस काढावे लागतात. तेही मी सांगते, लपवत नाही. बाकी ठिकाणी काय करतात, जो दाखवायला परत आला त्याला मोजतात. जो आला नाही तो बरा झाला असं धरून चालतात. अहो, मेलेला माणूस कुठे दाखवायला येतो?

म्हणून मी सगळ्यांना गाठते. फोन उचलला नाही तर त्याच्या गल्लीतल्या बेकरीत फोन करते, पोलीस चौकीत करते, फुटबॉल क्लबात करते. पस्तीस लाखांचा देश आमचा, लपून लपणार कुठे? एकाला तर मी त्याच्या मैत्रिणीच्या घरी गाठला. बायकोला वाटत होतं नवरा मासे धरायला गेलाय. मी बायकोला काही बोलले नाही. त्याच्या नाडीचे ठोके तेवढे विचारले, ते जरा जोरात होते.

आणि "कसं आहे?" असं मी कधीही विचारत नाही. आमच्या गावाकडचा माणूस झाडाखाली चेंगरला तरी "चाललंय" म्हणेल. मी विचारते, काल काय जेवलात? जिना चढताना मध्ये कुठे टेकलात? पँटचा पट्टा कितव्या भोकावर आलाय? माणूस तब्येतीबद्दल खोटं बोलतो, जेवणाबद्दल सहसा बोलत नाही.

माझ्या वहीला दोन तोंडं आहेत. पुढून उघडली की ताल, मागून उघडली की अपाय. मागे काय काय आहे ते मला तोंडपाठ आहे. मांडीत रक्त साकळलं, अकरा. हृदयाभोवती पाणी जमलं, पाच, पाचही त्याच दिवशी सुई घालून काढलं. बोलताना जीभ अडखळायला लागली, एक, तिसऱ्या दिवशी बाई पूर्ववत भांडायला लागली. मृत्यू एकही नाही. मागची पानं मी पुढच्यांपेक्षा जास्त जपते, कारण पुढची पानं कुणीही हौसेनं भरतं.

तर वाल्देमार टेचेरा. वय अठ्ठावन्न, लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम, गाव एस्पिनिल्यो, इथून पाच तासांवर, ब्राझीलच्या सीमेकडे. मूठ अशी की तिच्यात मेंढीचे चारही पाय मावतील. असा हा माणूस सहा महिने दहा पावलांवर धापा टाकत होता. ताल बिघडलेला. बायको निबिया त्याला अक्षरशः दंडाला धरून घेऊन आली.

डॉक्टर गुरीदींनी त्याला सगळं समजावलं. हृदयाच्या पाठीला अन्ननलिका अगदी चिकटून असते. आतला डाग कधी कधी तिच्यापर्यंत पोचतो. हजारात एखाद्याला, तेही दोन-चार आठवड्यांनी, तिथे भोक पडतं. म्हणून महिनाभर पित्ताच्या गोळ्या, मऊ जेवण, अंगमेहनत नाही, आणि गरम माटे नाही. माटे म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, थर्मास बगलेत धरून दिवसभर प्यायचा. टेचेरानं हृदयाला डाग द्यायला हरकत घेतली नाही. माटेला घेतली.

"महिनाभर?" तो माझ्याकडे वळून म्हणाला, जणू डॉक्टर वेडे झालेत आणि मी तरी शहाणी असेन.

"महिनाभर. गार करून प्या."

"गार माटे पॅराग्वेवाल्यांनी प्यावा, दोन्या." गावाकडे बाईमाणसाला मानानं दोन्या म्हणतात.

"मग महिनाभर पॅराग्वेचे व्हा."

मागून निबिया म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका, दोन्या सुल्मा. थर्मास मी कपाटात घालून कुलूप लावते."

"आणि कातरणी?" टेचेरानं विचारलं. ऑक्टोबर चालू होता, हंगाम तोंडावर. "तीस हंगाम झाले माझे. एकही चुकवलेला नाही. बापाचा अंत्यविधी करून दुसऱ्या दिवशी मळ्यावर होतो मी."

"चार आठवडे नाही," डॉक्टर म्हणाले. टेचेरानं मान हलवली. मुकाट्यानं मान हलवणारा माणूस मला आवडत नाही, पण मान हलवल्याबद्दल कुणाला कसं रागवायचं?

पहिल्या गुरुवारी फोन केला, सगळं ठीक. दुसऱ्या गुरुवारी ठीक, गोठ्यापर्यंत चालत जाऊन आलो म्हणाला, धाप नाही. आवाजात पोरासारखा आनंद होता. तिसऱ्या गुरुवारी, एकविसाव्या दिवशी, मी विचारलं, "काल काय जेवलात?"

"सूप."

"सूप? टेचेरा आणि सूप? दात पडले का काय?"

"गिळताना छातीच्या मागे टोचतं थोडं."

"कधीपासून?"

"परवापासून. अहो दोन्या, चूक माझीच. राहवलं नाही. गरम माटे प्यायलो, भाजलं."

झालं! मी जे तोंड सोडलं ते शेजारच्या खोलीतून सेक्रेटरी बघायला आली. तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर गंमत म्हणून सांगतात? तीन आठवडे दम निघत नाही? लहान मूल बरं तुमच्यापेक्षा! तो पलीकडून "हो दोन्या, चुकलं दोन्या" म्हणत होता, अगदी गरीब गाय. ताप आहे का विचारलं, नाही म्हणाला. मी वहीत लिहिलं, "गिळताना दुखतं. माटे." आणि वही मिटली. रागवायला मिळालं की मला विचार करायचं सुचत नाही, हा माझा जुना रोग आहे.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टर गुरीदी भेटले. "तुमचा मुकादम कसा आहे?"

"माटे प्यायला. घसा भाजून घेतला."

"तरी म्हटलं, एवढे दिवस कसा राहिला," ते हसले आणि पुढे गेले. मीही हसले. या देशात माणूस माटेवर काहीही ढकलतो, पित्त, झोप न येणं, बायकोशी भांडण, आणि समोरचाही मान डोलावतो.

रविवारी मी इर्माकडे जेवायला होते. रॅव्हिओली झाली होती. जेवणाआधी माटे व्हायलाच हवा म्हणून मेव्हण्यानं, एल्बियोनं, किटली ठेवली आणि फुटबॉलवर वाद घालत बसला. इतक्यात झाकण खडखडायला लागलं.

"उकळलं!" इर्मा ओरडली. "चाळीस वर्षं संसार केला आणि ह्याला अजून किटली सांभाळता येत नाही!"

एल्बियोनं सगळं पाणी मोरीत ओतलं. "उकळलेल्या पाण्याचा माटे माझा वैरीसुद्धा पिणार नाही. पाला करपतो. परत ठेवतो."

सगळे हसले. मीही हसत होते, आणि हसता हसता टेबलावर मांडायला घेतलेला काटा हातात तसाच राहिला. तोंड भाजेल असं पाणी कोण ओततं माटेवर? पाहुणे ओततात, नवशिके ओततात. सहाव्या वर्षापासून रोज पिणारा गावाकडचा माणूस कधीही ओतणार नाही. आणि ज्याच्या घशातून पन्नास वर्षं रोज दोन थर्मास गेले त्याचा घसा आता, नेमका एकविसाव्या दिवशी भाजला? मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि निबियाला फोन लावला.

"निबिया, टेचेरानं गरम माटे कधी प्यायला?"

"गरम? छे! थर्मास माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या गळ्यात. गेले तीन आठवडे गार पितोय आणि मला शिव्या देतोय."

"त्याला बोलवा फोनवर."

निबिया मलाच इकडे पाऊस आहे का विचारायला लागली.

"निबिया, कुठाय तो?"

"शुक्रवारी पहाटे गेला, दोन्या. कातरणीला. फक्त खुर्चीवर बसून देखरेख करतो म्हणाला. मी अडवलं हो, पण तो कुणाचं ऐकतोय!"

"ताप?"

"काल कुणाच्या तरी फोनवरून बोलला. रात्री हुडहुडी भरली होती म्हणाला. पण उद्या सकाळी दवाखान्यात येणार आहे, इथल्या डॉक्टरशी बोललाय. ते तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून घसा बघणार आहेत."

मी इर्माच्या पलंगावर बसले. गिळताना दुखणं, ताप, आणि तिसरा-चौथा आठवडा: आमच्या ऑफिसच्या भिंतीवर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लावलेला कागद आहे. अन्ननलिकेतून हृदयात भोक पडलं असेल तर प्रत्येक घासाबरोबर हवा आणि घाण रक्तात जाते, रक्तातून मेंदूत. आणि कॅमेऱ्याची नळी घालतात तेव्हा आतलं नीट दिसावं म्हणून हवा फुंकतात. ती हवा सरळ डोक्यात. माणूस टेबलावरच जातो. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा काही दोष नव्हता. घसा दुखतो म्हणणाऱ्या माणसाला कुणीही नळीच घालेल, आणि हृदयाचं काही झालंय हे टेचेरानं त्याला सांगितलंच नव्हतं.

"कुठल्या मळ्यावर आहे?"

"लॉस कोरोनिल्यास. तिथे फोन लागत नाही, दोन्या. तो टेकडीवर चढतो तेव्हा लागतो. काय झालंय? मला खरं सांगा."

"खरं हेच, की त्याला आत्ताच्या आत्ता इथे आणायचंय आणि तोवर त्यानं एक घास खायचा नाही. तिथे रेडिओ लागतो का?"

"रेडिओ तर लागतोच," निबिया म्हणाली.

आधी डॉक्टर गुरीदी. ते नातवाच्या वाढदिवसाला होते, मागे पोरांचा गोंगाट. मी चार वाक्यांत सांगितलं. पलीकडे दार लागलं, गोंगाट तुटला. मग म्हणाले, "थेट इथे. आल्या आल्या सीटी स्कॅन. सर्जनना मी बोलावतो, अँब्युलन्सचंही बघतो. सुल्मा, पाणीसुद्धा द्यायचं नाही."

"मला माहितेय! डॉक्टर, गुरुवारी मी..."

"ते नंतर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

एस्पिनिल्योच्या रेडिओवर रोज साडेबाराला रानातल्या लोकांचे निरोप वाचतात. तेव्हा बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. निवेदकाचं नाव दार्दो. आवाज असा की ऐकून वाटावं, हा माणूस सकाळी खडी चावत असेल.

"बोला दोन्या, कुणाला निरोप? चाळीस शब्दांत."

मी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यावर त्यानं थांबवलं. "अहो, आम्ही गाय हरवली वाचतो, काकू वारली वाचतो, अमक्याला स्टॉपवर घ्यायला या वाचतो. माणसाच्या घशातल्या नळ्या नाही वाचत. आणि टेचेराला मी ओळखतो. चारचौघांत त्याचं असं काही वाचलं तर तो येऊन माझं टेबल उलथून टाकेल."

"टाकू दे! टेबल उलथायला जिवंत तरी राहील. नाही वाचलंत तर उद्या साडेबाराला तुम्ही त्याच्या मयताचा निरोप वाचणार आहात."

पलीकडे खुर्ची करकरली. "तीनदा वाचतो," दार्दो म्हणाला. "हळू वाचू?"

"मोठ्यानं वाचा."

फोन कानाला धरून मी ऐकलं. बहीण, मेव्हणा, भाचरं, सगळे दारात येऊन उभे राहिले होते.

"लॉस कोरोनिल्यास मळ्यावर कातरणीला असलेले वाल्देमार टेचेरा, जिथे असाल तिथे! या क्षणापासून काही खाऊ नका, काही पिऊ नका, आडवे पडून राहा. तोंडातून नळी कुणालाही घालू देऊ नका, तो डॉक्टर असला तरी. घसा माटेनं भाजलेला नाही. अँब्युलन्स निघाली आहे. ज्यानं हे ऐकलं त्यानं टेचेराच्या हातातलं ताट काढून घ्यावं. निरोप नर्स सुल्मा यांचा, मोंटेव्हिडिओहून."

तिकडे काय झालं ते मला नंतर टोळीच्या आचाऱ्यानं सांगितलं. आधीचे दोन दिवस पावसानं बुडाले होते म्हणून रविवारीही काम चालू होतं. शेडमधल्या मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. आचाऱ्याचा रेडिओ मात्र चुलीजवळ खिळ्याला टांगलेला. जेवण नुकतंच वाढून झालं होतं. हा डाव हातात घेऊन धावत सुटला आणि टेचेराच्या हातातली मटणाच्या रश्श्याची वाटी त्यानं डावानंच उडवली. टेचेरा खवळून उठला, "मस्ती चढली का?" म्हणाला, आणि उठता उठताच खांबाला टेकला. अंग तव्यासारखं तापलेलं. अकरा कातरकऱ्यांनी लोकरीच्या गाठी पसरल्या आणि मुकादमाला त्यावर आडवा केला. तीस वर्षांत त्यांनी त्याला दिवसाउजेडी आडवा बघितला नव्हता.

आणि मग माझ्या देशानं जे केलं ते सांगताना आजही माझी छाती भरून येते. ओढ्याला पाणी होतं, अँब्युलन्स उतरेना, तर शेजारच्या मळ्यावरचा म्हातारा निरोप ऐकून ट्रॅक्टर घेऊन आधीच काठावर उभा होता. गावातल्या शाळेच्या बाईंनी निबियाला स्वतःच्या गाडीत घालून हमरस्त्यावर, अँब्युलन्सच्या वाटेवर, आणून सोडलं. आणि तो दवाखान्यातला डॉक्टर, ज्याच्यावर मी मनातल्या मनात चरफडत होते, त्यानंही स्वतःच्या स्वयंपाकघरात तो निरोप ऐकला होता. त्यानं डॉक्टर गुरीदींना फोन केला, काय द्यायचं ते विचारून घेतलं, सलाइन आणि औषधं घेऊन तो अँब्युलन्समध्ये चढला आणि पाच तास टेचेराचा हात धरून इथवर आला. टेचेरानं वाटेत पाच वेळा पाणी मागितलं. त्यानं पाचही वेळा नाही म्हटलं.

ते पोचले तेव्हा अजून ऊन होतं. सीटी स्कॅनच्या पडद्यावर हृदयाच्या पाठीमागे मुगाएवढा एक काळा ठिपका दिसला. हवा, जिथे हवा असता कामा नये तिथे. डॉक्टर गुरीदींनी चष्मा काढला. "माझा डाग," ते म्हणाले.

"आणि माझे तीन दिवस," मी म्हणाले. टेचेराला ऑपरेशनला नेलं आणि मला घरी हाकललं.

सकाळी सातला सर्जन भेटल्या. भोक शिवलं, हृदयाच्याच वेष्टणाचा तुकडा घेऊन वर ठिगळ लावलं. "उघडून बघितलं तेव्हा पोटात जेवण नव्हतं, हे नशीब," त्या म्हणाल्या. "आता जगेल की नाही ते पंधरा-वीस दिवसांनी विचारा."

एकोणीस दिवस तो मशीनवर होता. दार्दो रोज अकराला फोन करी आणि साडेबाराला अख्ख्या एस्पिनिल्योला टेचेराचा ताप वाचून दाखवी. विभागातले सगळे मला येता-जाता पाठीवर थाप देत. निबिया तर मला बघितलं की माझे हात धरायची. "दोन्या, तुम्ही होतात म्हणून." मी आतून मरत होते. चारचौघांत छाती फुगवावी तर आत काटा टोचायचा. तिला माहीत नव्हतं की गुरुवारीच त्यानं मला सांगितलं होतं आणि मी ओरडून वही मिटली होती. वहीतल्या मागच्या पानावर मी तारीख आणि नाव लिहून ठेवलं होतं, पुढे काही लिहिता येत नव्हतं. तो मेला तर काय लिहायचं हे मला ठाऊक होतं, जगला तर काय लिहायचं हेही ठाऊक होतं, आणि दोन्हीत माझी ओळ तीच राहणार होती.

विसाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. बाविसाव्या दिवशी बसवलं. गळ्यात नळी होती, बोलता येत नव्हतं, म्हणून मांडीवर पाटी दिली होती. मी वही घेऊन गेले. निबिया उशाशी होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"टेचेरा, ऐका. गुरुवारी तुम्ही मला गिळताना दुखतं म्हणालात. मी माटे लिहिलं आणि विषय संपवला. त्याच दिवशी तुम्हाला इथे आणायला हवं होतं. तीन दिवस माझ्यामुळे गेले. निबिया, तुम्हीही ऐका, आणि माझे हात धरणं बंद करा."

टेचेरानं पाटी ओढली. बोटं थरथरत होती, बराच वेळ लागला. लिहिलं, "मी खोटं बोललो."

"ते कळलंय मला. पण का?"

"नुसतं दुखतं म्हटलं असतं तर तुम्ही कातरणीला जाऊ दिलं नसतं." पुसलं. पुन्हा लिहिलं, "माटे म्हटलं की तुम्ही फक्त ओरडणार, हे माहीत होतं."

खरं सांगते, त्या क्षणी त्याच्या सगळ्या नळ्या उपटून टाकाव्यात असं मला वाटलं. "अरे गाढवा!" मी ओरडले. अतिदक्षता विभागात, एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. "मेंढ्यांच्या लोकरीपायी? तीन आठवडे मी इथे स्वतःला खातेय!" निबियानं काही न बोलता त्याच्या पायाच्या अंगठ्यावर एक सणसणीत चापट मारली, कारण नळी नसलेला तेवढाच एक भाग सापडला. मग तोच पाय छातीशी धरून ती रडायला लागली. टेचेरानं डोळे मिटून घेतले. त्याच्याही गालावरून पाणी येत होतं.

मी खुर्ची ओढली आणि वही मागून उघडली. "तुम्ही खोटं बोललात ते तुमचं तुम्ही देवापुढे बघा. पेशंट खोटं बोलणारच. ते पकडायचा पगार मला मिळतो." आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत लिहिलं, "वाल्देमार टेचेरा. अन्ननलिकेला भोक. एकविसाव्या दिवशी गिळताना दुखतं असं सांगितलं. नर्सनं माटेवर ढकललं. तीन दिवस उशीर."

"'नर्सनं' खोडा," दारातून आवाज आला. डॉक्टर गुरीदी केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "'आम्ही' लिहा. मीही हसलो होतो."

"तुमचं हसणं तुम्ही खाली वेगळं लिहा, डॉक्टर. माझ्या ओळीत घुसू नका."

त्यांनी खरंच माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, सही केली. मी वही फिरवली आणि पुढून उघडली. त्याच्या डोक्यावरच्या पडद्यावर हिरवी रेघ चालली होती, एकसारखी, शिस्तीत, एकही ठोका चुकत नव्हता. ज्यासाठी तो आमच्याकडे आला होता ते काम झालं होतं. तिथेही त्याचं नाव लिहिलं: ताल टिकला. दोन्ही बाजूंना नाव असलेला आमचा हा पहिलाच माणूस नव्हे, पण माझं पेन अडखळलं ते याच्याच नावावर.

टेचेरानं पाटीवर टकटक केली. "असं भोक पडलेले किती मरतात?"

निबियानं माझ्याकडे बघितलं, सांगू नका अशा डोळ्यांनी. पण मी आकड्यांत खोटं बोलत नाही. "निम्म्याहून जास्त."

त्यानं त्याच्याखाली लिहिलं, "इथे?"

"इथे आजवर एकालाच पडलंय," मी म्हणाले. "आणि तो बसून मला प्रश्न विचारतोय."

त्यानं पाटी पुसली, मनगटानं नीट स्वच्छ केली, आणि या खेपेला हात थरथरू न देता एकेक अक्षर लिहिलं.

"मग माझं नाव मोठं लिहा."

मी लिहिलं, दोन ओळींची जागा घेऊन.